दोन वाट्यांत एकही मोड नाही, मग प्रयोग फसला का?

प्रश्न: आम्ही अलिबाग तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो. दोन वर्षांपूर्वी उधाणात खारबंदिस्तीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं आणि भातामागे टाकलेला वाल धड उगवलाच नाही. माझ्या आठवीतल्या लेकीने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला. तीन वाट्यांत कापूस ठेवून प्रत्येकीत दहा-दहा मूग टाकले. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत पेलाभर पाण्यात एक चमचा मीठ घालून, तिसरीत दोन चमचे. वाट्या खिडकीत ठेवल्या आणि कापूस सुकला की ज्या त्या वाटीत तेच पाणी पुन्हा घातलं. साध्या पाण्यात आठ उगवले, बाकी दोन्हींत शून्य. पुन्हा केलं तर साध्या पाण्यात सहाच, आणि त्यांच्या मुळांवर पांढरी बुरशी आली म्हणून ती वाटी टाकून दिली. विज्ञानाच्या बाई विचारतात, गृहीतक काय, चल कोणते, निष्कर्ष कशावरून काढला? घरातले म्हणतात, दोन्ही वेळा आठ लिहून मोकळी हो. प्रदर्शनाला चार आठवडे आहेत. विषय बदलावा का?

उत्तर: ताई, विषय अजिबात बदलू नका. स्वतःच्या शेतातून उभा राहिलेला प्रश्न आठवीतल्या मुलीच्या हाती लागला आहे. तो सोडून सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी मांडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ज्वालामुखी ही करून दाखवायची गोष्ट आहे, त्यात पुढे काय होणार हे मांडणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तुमच्या लेकीला उत्तर ठाऊक नाही, म्हणून तिचा तो प्रयोग आहे.

आणि आठ-आठ तर मुळीच लिहू नका. पहिल्या खेपेचे आठ आणि दुसऱ्या खेपेचे सहा, दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही वहीत राहिले पाहिजेत. ते वेगळे का आले हे समजून घेतलं की पुढची अर्धी आखणी आपोआप होते.

आधी तो चमचा बघू. चहाच्या चमच्यात सपाट भरलेलं बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं, शीग लावली तर आठ-नऊही होतं. पेला २०० मिलीचा धरला तर एक चमचा म्हणजे लिटरला ३० ग्रॅम आणि दोन चमचे म्हणजे ६०. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तिची दुसरी वाटी जवळपास समुद्रच होती आणि तिसरी समुद्राच्या पावणेदोन पट खारट. त्यात कापूस सुकला की पुन्हा मिठाचंच पाणी पडत होतं. खिडकीतल्या उन्हाने पाणी उडतं, मीठ आहे तिथेच राहतं. तेव्हा चौथ्या दिवशी त्या वाट्यांत पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त मीठ होतं, आणि किती ते कुणालाच सांगता येणार नाही.

शून्य आलं यात नवल नाही. मूग कुठून अडखळायला लागतो ती जागा साधं पाणी आणि समुद्र यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि तिथे तिची एकही वाटी नव्हती. या पहिल्या फेरीला वहीत ‘चाचणी फेरी’ असं नाव द्या आणि तिच्यातून काय कळलं ते दोन ओळींत लिहा: लिटरला ३० ग्रॅम मीठ मुगाला फार होतं, यापेक्षा बरंच खाली उतरायला हवं. ही खरी माहिती आहे, प्रदर्शनाच्या तक्त्यावरही ती जायला हवी.

आता आठ आणि सहा. लेकीला एक रुपयाचं नाणं दहा वेळा उडवायला सांगा, मग पुन्हा दहा वेळा, असं पाच खेपा. छापा कधी सात वेळा येईल, कधी चार वेळा. नाणं तेच, हात तोच. दहा दाण्यांचंही असंच असतं. शंभरातले ऐंशी उगवणारं चांगलं बियाणं असलं, तरी त्यातल्या कुठल्याही दहांत सहाच उगवणं अगदी शक्य आहे. दाणे वाढवले की हा खेळ आवरतो. अशाच बियाण्याचे १०० दाणे घेतले तर आकडा ७२ ते ८८ च्या बाहेर क्वचित जाईल. बीज परीक्षण प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासायला शंभर-शंभरच्या चार गटांत ४०० बिया लावतात, त्या याच कारणासाठी. तुम्हाला एवढ्या नकोत, पण एका प्रकारच्या पाण्याला १०० दाणे हवेत. पाच प्रकारच्या पाण्याला मिळून पाचशे, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम मूग.

आणि ती बुरशी. ती बुरशी नसण्याचीही दाट शक्यता आहे. मुगाचं मूळ एक-दीड सेंटिमीटरचं झालं की टोकाच्या थोडं मागे पांढरी मखमली लव येते. ती मूलरोमं, त्यांच्यातून रोपटं पाणी ओढून घेतं. ओळखायची खूण सोपी आहे. मुळावर पाण्याचा बारीक फवारा मारा. मूलरोमं भिजून मुळाला चिकटतात आणि लव दिसेनाशी होते. बुरशी मात्र फवाऱ्यानंतरही जाळ्यासारखी टिकते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते आणि तिला कुबट वास येतो. मूलरोमं मुळाभोवती सगळीकडून सारखी असतात, टोकावर आणि दाण्यावर नसतात. पुढच्या वेळी काही टाकून देण्याआधी फवारा मारून बघा, आणि टाकलंच तर का टाकलं ते तारीख-वेळ घालून लिहा.

आता नव्याने आखणी. बाईंनी विचारलेले तीनही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं प्रयोगाला हात घालण्याआधी लिहायची असतात.

‘खाऱ्या पाण्याचा पिकांवर परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा लिहू दे: ‘पाण्यातलं मीठ लिटरला ०, ३, ६, ९, १२ ग्रॅम असं वाढवत नेलं, तर ७२ तासांत किती मुगांना मोड येतात आणि मूळ किती लांब होतं?’ यात किती, कशाचं, कधीपर्यंत हे सगळं आलं. आपण बदलतो ते मीठ, तो स्वतंत्र चल. मोजतो ती मोडांची संख्या आणि मुळाची लांबी, ते अवलंबी चल. बाकी सगळं, म्हणजे मुगाचं पाकीट, पाणी किती मिली, कागद, डबा, जागा, मोजायची वेळ, सारखं ठेवायचं. ते नियंत्रित चल.

गृहीतकाला कारण लागतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, हे तिने स्वयंपाकघरात पाहिलंच असेल. बाहेर मीठ जास्त असलं की पाणी त्या बाजूला ओढलं जातं. कोरड्या दाण्याला मोड यायला आधी पाणी पिऊन फुगावं लागतं, आणि खाऱ्या पाण्यात त्याला या ओढीविरुद्ध पाणी घ्यावं लागतं. शिवाय दाण्यात शिरलेलं सोडियम आणि क्लोराइड जास्त झालं की पेशींना अपाय करतं. यावरून तिने लिहावं: ‘मीठ वाढेल तसे मोड कमी येतील आणि मुळं आखूड होतील. मुळांची लांबी आधी घटेल, मोडांची संख्या नंतर.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण ते चुकू शकतं. चुकलं तरी काही बिघडत नाही, फक्त निकाल पाहिल्यावर गृहीतक बदलायचं नाही.

साहित्य जमवताना पुढच्या गोष्टी पाळा. मूग एकाच पाकिटातले घ्या, किराणा दुकानातले चालतील. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी-लाल रंग चढवलेले घेऊ नका, त्यांना बुरशीनाशक लावलेलं असतं. फुटलेले, किडलेले काढा, उरलेले एका परातीत नीट मिसळा आणि न निवडता पंचवीस-पंचवीसचे ढीग करा. टपोरे दाणे एका डब्याला आणि बारके दुसऱ्याला गेले तर मिठाचा परिणाम आणि दाण्याचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.

एक मोह टाळा. उसळीसाठी करतो तसे मूग आदल्या रात्री साध्या पाण्यात भिजवू नका. भिजलेल्या दाण्याने गोडं पाणी आधीच पोटभर प्यायलेलं असतं, मग खारं पाणी त्याच्या सुरुवातीच्या अडचणीबद्दल काहीच सांगत नाही. कोरडा दाणा थेट त्या-त्या पाण्यावर ठेवायचा.

यामुळे गणंग दाणे आत राहतील, ते राहू द्या. टणक सालीमुळे पाणीच न शिरणारा गणंग साध्या पाण्यातही फुगत नाही, तेव्हा त्याचा दोष मिठावर जाऊ नये. म्हणून नोंदीत तीन रकाने करा: मोड आला, फुगला पण मोड नाही, फुगलाच नाही. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवल्याचा फायदा पुढे दिसेल.

मीठ शक्यतो शाळेच्या प्रयोगशाळेतलं सोडियम क्लोराइड घ्या. घरच्या मिठात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ थोड्या प्रमाणात असतात. तेच वापरावं लागलं तर एकाच पुडीतलं वापरा आणि तसं लिहा. पाणीही सगळ्या डब्यांना एकच. गावात बोअरचं पाणी असेल तर त्यात मुळातच क्षार असतात, म्हणून साध्या पाण्याच्या बाटलीवर ‘मीठ नाही’ असं न लिहिता ‘मीठ घातलेलं नाही’ असं लिहा. दोन्हींत फरक आहे, आणि परीक्षक तो विचारू शकतात.

द्रावण करताना सगळ्यात जास्त घोळ होतो. स्वयंपाकघरातला काटा बहुधा एक-एक ग्रॅमने सरकतो. त्यावर १२ ग्रॅम तोललं तर खरं वजन साडेअकरापासून साडेबारापर्यंत काहीही असू शकतं. ३ ग्रॅम तोलायला गेलात तर चूक आणखी मोठी. म्हणून थोडं-थोडं मीठ तोलू नका. ६० ग्रॅम एकदाच तोला, साधारण ४०० मिली पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण ५०० मिली करा. अर्ध्या ग्रॅमची चूक आता एका टक्क्याच्याही खाली आली. या दाट द्रावणातले १०० मिली घेऊन पाण्याने एकूण १ लिटर करा, हे लिटरला १२ ग्रॅमचं पाणी. पुढचं नुसतं मिसळायचं: या पाण्याचे १५० मिली आणि साधं ५० मिली, की ९ ग्रॅम. १००-१०० मिली, की ६ ग्रॅम. ५० मिली आणि साधं १५० मिली, की ३ ग्रॅम. मोजायला शाळेचं मोजपात्र किंवा औषधाच्या दुकानातली सुई नसलेली मोठी सिरिंज. पाचही बाटल्यांवर त्याच वेळी चिठ्ठी लावा. ‘लक्षात राहील’ म्हणून ठेवलेल्या बाटल्या हमखास अदलाबदल होतात, आणि चाखून ओळखायची सवय प्रयोगात लावायची नाही.

डबे म्हणून पार्सलचे २५० मिलीचे झाकणाचे गोल डबे घ्या, वीस लागतील. उकळत्या पाण्याने ते आकसू शकतात, म्हणून साबणाने धुऊन उन्हात वाळवा. तीन दिवसांच्या प्रयोगाला एवढी स्वच्छता पुरते. तळाशी टिश्यू पेपरचे दोन थर, त्यावर सिरिंजने ८ मिली द्रावण, त्यावर पंचवीस दाणे पाच ओळींत, एकमेकांना न टेकवता. कापूस नको. कापसात मुळं गुंततात, सोडवताना तुटतात, आणि तुटलेलं मूळ मोजून उपयोग नाही. पाणी किती घालायचं याची एक परीक्षा आहे. भिजलेल्या कागदावर बोट टेकवलं तर बोटाभोवती पाण्याचं तळं व्हायला नको. पाण्यात बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही, तो गुदमरून कुजतो, आणि आपण म्हणतो मिठाने मेला. तुमच्या कागदाला ८ मिली जास्त वाटले तर ६ करा, पण मग वीसही डब्यांना ६.

झाकण लावायचंच. वाटी उघडी असली की काय होतं त्याचा हिशोब लेकीलाच मांडू दे: ८ मिलीतले ३ मिली उडाले तर उरलेल्या ५ मिलीत मीठ तेवढंच, म्हणजे लिटरला १२ ग्रॅमचं १९ ग्रॅमच्या वर गेलं. झाकणामुळे हे थांबतं. रोज मोजणीला डबा मिनिटभर उघडतो तेव्हा हवाही बदलते. तीन दिवसांत एखादा कागद सुकलाच तर वरून मिठाचं पाणी घालू नका, साधं घाला, आणि कोणत्या डब्यात किती मिली घातलं ते लिहा. उडालं ते साधं पाणीच होतं.

डबे कुठे ठेवायचे याकडे बहुतेक मुलं लक्ष देत नाहीत. साध्या पाण्याचे सगळे डबे भिंतीकडे आणि खारट सगळे खिडकीकडे, असं झालं की उन्हाचा परिणाम मिठाच्या नावावर जमा होतो. चार ताटं घ्या. प्रत्येक ताटात पाचही प्रकारांचा एकेक डबा, त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. ताटं कपाटात ठेवा, मुगाला मोड यायला उजेड लागत नाही. एखादं ताट जरा उबदार कोपऱ्यात गेलं तरी त्यातले पाचही डबे सारखेच उबदार राहतील. तापमापी असेल तर सकाळ-संध्याकाळ कपाटातलं तापमान लिहा.

मिठाचं प्रमाण डब्यावर उघड लिहू नका. तळाला १ ते २० आकडे लिहा, आणि कोणत्या आकड्याचं पाणी कोणतं ही यादी तुम्ही तुमच्याकडे ठेवा. मोजणारीला माहीत नसलेलं बरं. दोन मिलिमीटरचं टोक दिसतंय की नाही अशा काठावरच्या दाण्याला मन नकळत आपल्या गृहीतकाच्या बाजूने मोजतं. यात कुणाचा अप्रामाणिकपणा नसतो, मोठ्या शास्त्रज्ञांचंही असंच होतं, म्हणून औषधांच्या चाचण्यांतही हीच काळजी घेतात.

मोजणी २४, ४८ आणि ७२ तासांनी, ठरलेल्या वेळी. मोड आला म्हणजे काय, हे आधी ठरवा: साल फाडून मुळाचं टोक निदान २ मिलिमीटर बाहेर आलं पाहिजे. नुसती साल तडकली तर तो ‘फुगला पण मोड नाही’. लांबी फक्त ७२ तासांनी मोजायची, प्रत्येक डब्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या दाण्यांची. ओळी आधीच ठरवल्या की डोळ्यांत भरणारी लांब मुळं निवडण्याचा प्रश्न उरत नाही. मूळ सरळ नसतं, गळासारखं वाकलेलं असतं. त्यावर ओला दोरा ठेवा, वळणं घेत शेवटापर्यंत न्या, मग दोरा पट्टीवर मोजा. मूळ कुठे संपतं आणि देठ कुठे सुरू होतो, तिथे जाडी आणि रंग बदलतो. साध्या पाण्यातल्या पाच-सहा रोपांवर आधी सराव करून घ्या. तुम्ही आणि लेकीने तेच रोप वेगवेगळं मोजून आकडे ताडून पाहा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर दोघींची सुरुवातीची खूण वेगळी आहे.

वही शाईने लिहायची. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा. खोडरबर, व्हाइटनर नको. मागाहून सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या वहीपेक्षा पाण्याचे डाग पडलेली मूळ वही परीक्षकांना जास्त बोलकी वाटते. प्रदर्शनात तीच ठेवा.

चार आठवडे असे वापरा. पहिल्या आठवड्यात छोटी फेरी: पाचही पाण्यांचा एकेक डबा, फक्त हात बसण्यासाठी. त्यात १२ ग्रॅमलाही जवळजवळ सगळे मोड आले तर वरचं टोक १५ करा, ६ लाच सगळं थांबलं तर ०, १.५, ३, ४.५, ६ अशी पट्टी घ्या. दुसऱ्या आठवड्यात वीस डब्यांची मुख्य फेरी. तिसऱ्या आठवड्यात ताजी द्रावणं करून तीच फेरी पुन्हा. चौथा लिहायला आणि बोलायचा सराव करायला.

मुख्य फेरी संपली की आणखी एक सोपी गोष्ट करा, या प्रयोगातला सगळ्यात रंजक भाग तो आहे. ९ आणि १२ ग्रॅमच्या डब्यांत जे दाणे फुगले पण मोड आले नाहीत, ते चाळणीत घेऊन साध्या पाण्याने धुवा आणि नव्या कागदावर साध्या पाण्यात ४८ तास ठेवा. बरेचसे उगवले, तर मिठाने त्यांना मारलं नव्हतं, पुरेसं पाणी घेऊ दिलं नव्हतं. उगवलेच नाहीत, तर अपाय झाला होता. वेगळा ठेवलेला तो रकाना इथे कामाला आला. दाणे थोडेच असतील, म्हणून टक्के काढू नका. ‘१८ पैकी १३’ असंच लिहा.

आता आकड्यांचं काय करायचं. प्रत्येक डब्यातल्या मुळांची सरासरी काढा, मग चार डब्यांच्या चार सरासऱ्या पुढे न्या. चाळीस मुळं मोजली म्हणून ‘चाळीस वेळा प्रयोग केला’ असं म्हणता येत नाही. एका डब्यातल्या मुळांनी एकच कागद, एकच पाणी, एकच कोपरा वाटून घेतला आहे. प्रयोग चार वेळा झाला. न उगवलेल्या दाण्याची लांबी शून्य धरून सरासरीत मिसळू नका, नाहीतर ‘कमी उगवले’ आणि ‘आखूड राहिले’ या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. सरासरी किती मुळांची ते मात्र शेजारी लिहा.

समजा, मीठ न घातलेल्या चार डब्यांच्या सरासऱ्या ४६, ४९, ४४, ५१ मिलिमीटर आल्या, ३ ग्रॅमच्या ४३, ४७, ४१, ४८ आणि ६ ग्रॅमच्या ३०, ३३, २८, ३५. पहिल्या दोन गटांचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यांच्या एकूण सरासऱ्या ४७.५ आणि ४४.८ अशा वेगळ्या दिसल्या तरी ‘३ ग्रॅमला फरक पडला’ असं ठामपणे म्हणता येणार नाही. ६ ग्रॅमचा सगळ्यात मोठा आकडा ३५, मीठ न घातलेल्यांतला सगळ्यात लहान ४४. दोन्ही गट कुठेच भेटत नाहीत, म्हणून इथे फरक आहे असं म्हणायला आधार आहे: ४७.५ वरून ३१.५, म्हणजे सुमारे ३४ टक्क्यांनी आखूड. आठवीला एवढी कसोटी पुरे. आलेखात आडव्या अक्षावर मीठ, उभ्यावर लांबी, आणि प्रत्येक प्रमाणाला चारही ठिपके दाखवा, सरासरीची खूण वेगळ्या रंगाने. नुसते सरासरीचे रंगीत खांब उभे केले की आकड्यांची पांगापांग झाकली जाते, आणि परीक्षकांना बघायचं असतं तेच दिसत नाही.

एखादा डबा फटकून वागेल. समजा ६ ग्रॅमच्या चार डब्यांत २३, २२, २४ आणि १४ मोड आले. चौदाचा डबा काढून टाकायचा का? वही उघडा. त्या डब्याचं झाकण सैल होतं, कागद सुकला होता अशी त्याच दिवशीची नोंद असेल तर तो वगळता येईल, वगळल्याचं सांगून. नोंद नसेल तर तो राहतो. तक्त्यावर दोन्ही सरासऱ्या द्या, त्याला धरून २०.७५ आणि सोडून २३. आकडा आवडला नाही हे वगळायचं कारण नव्हे.

निष्कर्ष लिहिताना मोठी उडी मारायचा मोह होईल, कारण डोळ्यांपुढे तुमचं शेत आहे. ‘खाऱ्या पाण्याने वाल उगवत नाही’ हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. प्रयोग मुगावर झाला, कागदावर, तीन दिवस, निव्वळ सोडियम क्लोराइडच्या पाण्यात. खाडीच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट असे इतर क्षारही असतात. सोडियममुळे चिकणमाती बसते, घट्ट होते, पाणी मुरत नाही, तो त्रास वेगळाच. शिवाय पावसाने मीठ धुऊन जातं आणि उन्हाळ्यात खालचं मीठ पुन्हा वर येतं, त्यामुळे शेतातला खारेपणा वर्षभर सारखा नसतो. लेकीने एवढंच लिहावं: ‘या मुगाच्या बाबतीत, आमच्या कपाटातल्या तापमानाला, लिटरला इतक्या ग्रॅमच्या पुढे मुळं स्पष्टपणे आखूड झाली, आणि इतक्या ग्रॅमच्या पुढे मोड कमी आले.’ त्याखाली ‘शेताबद्दल काय कळलं नाही’ अशी चार ओळींची चौकट. अशी चौकट फार थोडे विद्यार्थी करतात, म्हणून ती आवर्जून करा.

वेळ उरला तर पुढची पायरी तिच्या मूळ प्रश्नाकडे जाते. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आणा, मोठ्या माणसाबरोबर, काठावरूनच. त्याच्या एका भागात साध्या पाण्याचे चार भाग, मग दोन भाग, असे पातळ केलेले नमुने घेऊन वालाच्या दाण्यांवर हीच मांडणी करा. वाल मोठा असतो, तेव्हा डब्यात दहाच दाणे, पाणी जास्त आणि दिवसही जास्त लागतील. शेताच्या माती परीक्षणाचा अहवाल घरात असेल तर त्यात ‘विद्युत वाहकता’ ही ओळ शोधा, मातीतला खारेपणा तिथे कळतो. जमीन क्षारपड मानायची सर्वसाधारण मर्यादा मातीच्या संपृक्त अर्कात (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) मीटरला ४ डेसीसायमन एवढी विद्युत वाहकता ही आहे. अहवालातली मोजणी बहुधा वेगळ्या पद्धतीने केलेली असते, म्हणून दोन आकडे थेट ताडू नका, तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथे खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या पनवेल १, २, ३ या जाती तयार झाल्या. लेकीने आपले प्रश्न लिहून पाठवले तर तिच्या प्रयोगाचा शेताशी धागा जुळेल.

घरातल्यांनी काय करावं आणि काय करू नये, हेही सांगतो. द्रावण करताना शेजारी थांबा, सांकेतिक यादी सांभाळा, ठरलेल्या वेळी मोजणीला उठवा. पण मोजू तिला द्या, लिहू तिला द्या, आणि तक्त्यावरची वाक्यं तिची असू द्या. परीक्षक ‘८ मिलीच का?’ किंवा ‘झाकण का?’ एवढं विचारतात, आणि ज्याने हाताने केलं त्याला तिथे अडखळावं लागत नाही.

प्रयोगातले मोड उसळीला घेऊ नका, साध्या पाण्यातलेसुद्धा. तीन दिवस बंद डब्यात, हाताळलेले असे ते असतात. ते खतखड्ड्यात टाका. ३ ते १२ ग्रॅमचं उरलेलं पाणी मोरीत ओता, तुळशीच्या कुंडीत नको.